तिसऱ्याचं एक मत

मी तिसरा बोलतोय.

आडनाव नाही, हुद्दा नाही, नुसता तिसरा. रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या कपाटाशेजारी भिंतीला एक फळी ठोकलेली आहे, तिच्यावर मी बसतो. आकाराने जेवणाच्या डब्याहून जरासा मोठा. समोर एक हिरवा दिवा, मागे दोन वायरी आणि पोटात एक म्हातारा पंखा, जो सुरू होताना आधी खाकरतो आणि मग फिरतो. मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "हे अजून चालू आहे?" चालू आहे, चांगलं ठणठणीत चालू आहे. आणि मी चालू आहे म्हणूनच या शहरातली दोन हॉस्पिटलं रक्ताच्या बाबतीत एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसत नाहीत, हे मात्र त्या माणसाला कोणी सांगत नाही. म्हटलं, आपलं आपणच सांगावं. कोणाची वाट बघायची?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एकाच पट्ट्यावरून माझे शेकडो भाऊ माझ्या पुढेमागे सरकत होते. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, इतके सारखे. तिथे एका बाईने मला उचलून हलवलं, आत काही खडखडत नाही ना ते ऐकलं आणि पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. आयुष्यातली पहिली परीक्षा मी अशी पास झालो.

माझी पहिली नोकरी हॉस्पिटलात नंबर पुकारायची. पेशंट बाकांवर बसलेले असायचे आणि मी वरच्या पाटीवर त्यांचे नंबर उजळवायचो. काय रुबाब होता! सगळ्यांची मान माझ्या इशाऱ्यावर वर व्हायची. आपला नंबर यायला अजून बराच वेळ आहे हे माहीत असूनही माणूस प्रत्येक वेळी पाटीकडे बघतोच. आणि "आमचं एका मिनिटाचं काम आहे हो" म्हणत मध्ये घुसणाऱ्याचं काम कधीच एका मिनिटात संपत नाही, हेही मी तिथेच शिकलो.

पुढे मोठ्या, रंगीत, बोलणाऱ्या पाट्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. शेजारी चाक निखळलेली खुर्ची, पाय मोडलेलं स्टूल आणि कोणीतरी विसरलेल्या छत्र्या. तिथे किती दिवस पडून होतो ते विचारू नका. बंद पडलेल्या यंत्राला दिवस मोजता येत नाहीत, आणि ते बरंच आहे.

तिथून मला बाहेर काढलं ते ताईने. दोन्ही हॉस्पिटलांच्या आणि रक्तपेढीच्या नोंदींचे कॉम्प्युटर ती सांभाळते. वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणतात. त्या दिवशी ती खरं तर स्वतःसाठी एखादी धड खुर्ची शोधायला आली होती. खुर्ची मिळाली नाही, मी मिळालो. तिने माझ्यावरची धूळ फुंकली, केसांत खोचलेली पेन्सिल काढून माझं झाकण उचकटलं आणि आत डोकावली.

"ताई, त्याच्यात आता काही मावायचं नाही हो," भांडारपाल म्हणाला.

"मला त्याच्यात काही मावायला नकोच आहे," ताई म्हणाली. "फक्त शुद्धीवर राहिला तरी पुरे."

आता माझं काम काय ते समजून घ्या. अवघड नाही, मलाही एका दिवसात समजलं होतं.

आमच्या संस्थेची दोन हॉस्पिटलं आहेत. जुनं शहराच्या एका टोकाला, नवं दुसऱ्या टोकाला आणि मधोमध ही रक्तपेढी. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुठली पिशवी कोणासाठी राखून ठेवली आहे, हे सगळं जुन्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सर्व्हरवर लिहिलं जातं. तो पहिला. नव्या हॉस्पिटलात तसाच दुसरा मोठा सर्व्हर आहे. पहिल्याने एक ओळ लिहिली की हा ती लगेच उतरवून घेतो. बघायची कामं दोघांकडे, पण लिहायचं फक्त पहिल्याने. पहिला बंद पडला तर दुसऱ्याने मुख्य व्हायचं आणि लिहायला लागायचं, म्हणजे कोणाचं काम अडत नाही.

इथवर सगळं गोडीगुलाबीने चालतं. पण समजा पहिला बंद पडलाच नाही, नुसती दोघांमधली केबल तुटली तर? दुसऱ्याला पहिल्याचा आवाज येईनासा होतो. तो म्हणतो, गेला बिचारा, आता मीच मुख्य. तिकडे पहिला धडधाकट बसलेला असतो आणि लिहीतच असतो. एका घरात दोन कारभारी झाले की एकच पिशवी दोन पेशंटना देऊन दोघेही मोकळे. म्हणून ताईने नियम घालून दिला की तिघांपैकी दोघांची मतं मिळाल्याशिवाय कोणीही मुख्य व्हायचं नाही. पहिल्याचं एक, दुसऱ्याचं एक आणि तिसरं माझं.

माझ्या पोटात रक्ताची एकही नोंद नाही. पिशवी नाही, पेशंट नाही, गट नाही. दिवसरात्र मी त्या दोघांना एवढंच विचारत असतो, "आहेस का? कुठवर आलास?" पहिला तुटक उत्तर देतो, मोठ्या अधिकाऱ्यासारखं, "आहे." दुसरा जरा घाबरट. "आहे, आहे, अगदी त्यांच्या मागोमाग आहे, एक ओळसुद्धा सुटलेली नाही." विचारलं त्याहून जास्त सांगायची त्याची खोडच आहे.

आणि रोज सकाळी ताई आम्हाला विचारते. पडद्यावर एक ओळ टाकली की तिघांची हालहवाल एकाखाली एक उमटते. कोण मुख्य आहे, कोण किती मागे पडलाय, कोणाचा शेवटचा आवाज कधी ऐकू आला. खरं तर आमच्यापैकी कोणाही एकाला विचारलं तरी तो तिघांचं सांगतो. पण ताई तिघांना वेगवेगळं विचारते. आधी पहिल्याला, मग दुसऱ्याला, मग मला. तिच्या साहेबांना याची गंमत वाटायची.

"एकाला विचारलं की तिघांचं कळतं ना? मग तीन-तीनदा कशाला?"

"प्रत्येकाला आपल्या खिडकीतून दिसतं तेवढंच दिसतं, साहेब. घरात काय चाललंय ते सासूला विचारून बघा आणि मग सुनेला विचारून बघा."

साहेब खो खो हसले. त्यांच्या घरी दोघीही होत्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

माझी रोजची सोबत म्हणजे रक्तपेढीतले मामा. कोणाचे मामा ते कोणालाच माहीत नाही. रक्त तपासणं, पिशव्या लावणं, काउंटरवरून देणं हे त्यांचं काम, आणि त्यात ते पक्के आहेत. पडद्यावर नाव आल्याशिवाय पिशवीला हात लावणार नाहीत, मग समोर कोणी का उभा राहीना. मात्र माझ्या बाबतीत त्यांची एक वाईट सवय आहे. अंगातला पांढरा कोट काढला की तो थेट माझ्या अंगावर टाकतात आणि मग मला गुदमरायला होतं. तरी माणूस प्रेमळ. ते मला पंच म्हणतात. "काय पंच, सामना शांत आहे ना?" असं विचारून चहाचा कप माझ्याशेजारी ठेवतात. शांतच असायचा. वर्षानुवर्षं शांत होता.

मग तो दिवस आला.

दुपार व्हायची होती. रस्त्याच्या खोदकामात कोणाची तरी कुदळ जुन्या आणि नव्या हॉस्पिटलांमधल्या केबलवर पडली. मला कुदळ दिसली नाही, पण एकदम दुसरा ओरडायला लागला.

"पहिला गेला! त्याचा आवाज येत नाही. मला मुख्य होऊ दे. मत दे."

मी लगेच पहिल्याला हाक मारली. माझी केबल वेगळ्या रस्त्याने जाते. "आहेस का?"

"आहे. मला काय धाड भरलीय? तो दुसरा कुठे उलथलाय?"

मी दुसऱ्याला म्हणालो, "नाही. पहिला जिवंत आहे. मत देणार नाही."

त्याला ते पटेना. तो पुन्हा विचारी, मी पुन्हा नाही म्हणे. माझ्यातून पहिल्याच्या नोंदी त्याच्याकडे पाठवाव्यात तर ते मला येत नाही. मला फक्त हो आणि नाही येतं.

याच वेळी नव्या हॉस्पिटलात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. थोडं फोनवर ऐकलं, थोडं ताईने मामांना इथेच बसून सांगितलं आणि बाकीचं दुसऱ्याने.

ताई तिथेच होती, पण कामासाठी नाही. तिच्या धाकट्या नणंदेला पहाटेपासून रक्तस्राव होत होता आणि तातडीने ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तिचा रक्तगट फार थोड्या लोकांचा. रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी होती. सर्जन मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "पिशवी तिच्या नावावर झाल्याशिवाय मी तिला टेबलवर घेणार नाही."

पडद्यावर पिशवी दिसत होती, शिल्लक म्हणून. पण नाव घालायला गेलं की नोंद होत नव्हती. होणार कशी? दुसऱ्याला लिहायची परवानगीच नव्हती.

ताईने मामांना फोन लावला. "मामा, ती पिशवी आहे ना?"

"आहे की. फ्रिजमध्ये समोर दिसतेय, पडद्यावरही शिल्लक दाखवतेय. पण तुमच्या नावावर आलेली नाही."

मामा खोटं बोलत नव्हते. पण काउंटरचा पडदा बघायची कामं दुसऱ्याकडून करून घेतो, आणि दुसऱ्याला केबल तुटण्याआधीचंच काय ते माहीत होतं.

ताई धावत दुसऱ्याच्या खोलीत गेली आणि तिने हालहवाल विचारली. पहिला, संपर्क नाही. दुसरा, ठणठणीत. तिसरा, ठणठणीत. आणि खाली एक ओळ: तिसऱ्याने मत नाकारलं.

तिच्या मागोमाग तिचा नवरा आणि सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, हे सगळं तुझ्याच हातात असतं ना?" नवऱ्याने विचारलं.

"असतं."

"मग कर ना काहीतरी! मॅडम थांबल्यात."

करता येण्यासारखं एक होतं. पहिल्याचं आणि माझं नाव यादीतून पुसून टाकायचं. मग एकटा दुसराच उरणार, त्याचं एक मत त्याला पुरणार आणि तो मुख्य होणार. त्यासाठी एक जबरीचा हुकूम असतो. ताईला तो पाठ आहे. तिने तो टाईप केला. आता फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं.

खरं सांगतो, या फळीवर बसल्यापासून मी कधी घाबरलो नव्हतो. पण ते बटण दाबलं गेलं असतं तर मी कितीही ओरडलो असतो तरी माझ्या नाहीला कोणी विचारलं नसतं. आणि पिशवीचं खरं काय आहे ते फक्त पहिल्याला माहीत होतं.

ताईचं बोट बटणावर थांबलं.

"तिसरा नाही म्हणतोय," ती म्हणाली.

"कोण तिसरा? ते मामा?"

"नाही. रक्तपेढीतला छोटा सर्व्हर. तो डबा."

सासूबाईंचा संयम सुटला. "माझी पोर तिथे पडलीय, आणि तू एका डब्याचं ऐकत बसलीस? पोटची नाही ना तुझी!"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने बोट बाजूला घेतलं. "आई, या दुसऱ्याला पहिला दिसत नाहीये. पण त्या डब्याला काहीतरी दिसतंय, उगाच नाही म्हणत नाही तो. मला त्याला विचारू दे. मग तुम्ही म्हणाल ते करते."

इकडे रक्तपेढीत फोन पुन्हा वाजला. मामा तो कानाला लावूनच माझ्या खोलीत आले.

"पंचासमोर बसा, मामा," ताई म्हणाली. "मी सांगते ते एकेक अक्षर टाका."

मामांनी आधी माझ्यावरचा कोट काढला. बरोबर त्याच दिवशी तो माझ्यावरच होता. मग ताईने शेजारी ठेवलेला पडदा आणि कीबोर्ड मला जोडून ते चष्मा लावून एका बोटाने टाईप करायला लागले. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, पुन्हा टाकलं. मला वाटत होतं, हात धरून लिहून घ्यावं. शेवटी ओळ पूर्ण झाली, आणि मी उत्तर दिलं. मी आयुष्यभर तेच उत्तर देत आलो होतो, पण इतक्या अभिमानाने कधी दिलं नव्हतं.

"पहिला," मामा वाचू लागले, "मुख्य, ठणठणीत. शेवटचा आवाज आत्ताचा. ताई, हा म्हणतोय पहिला जिवंत आहे."

पलीकडून ताईचा आवाज आला, अगदी बारीक. "तिथली केबल शाबूत आहे, तिथूनच थेट पहिल्याला विचारा, मामा. ती पिशवी कोणाच्या नावावर आहे?"

ती ओळही मामांनी एका बोटाने टाकली. उत्तर आलं तसं त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली ओढून वाचलं.

"जुन्या हॉस्पिटलच्या एका गृहस्थाच्या नावावर आहे, ताई. नुकतीच केलीय. पेशंट टेबलवर आहे."

तेवढ्यात पुढच्या काउंटरवर कोणीतरी घंटी वाजवली. जुन्या हॉस्पिटलचा गाडीवाला पिशवी न्यायला येऊन उभा होता.

ताईने तो हुकूम पुसून टाकला. मॅडमना जाऊन सांगितलं की पिशवी आहे असं समजू नका, ती आपली नाही. सासूबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. नवरा आईच्या मागोमाग निघून गेला, आणि ते जास्त लागलं असणार. ताई पुन्हा त्या थंड खोलीत आली आणि जमिनीवर बसून रडली. हे मला दुसऱ्याने सांगितलं. सांगताना तो ओशाळला होता. मुळात चांगला आहे तो.

मामा मात्र हातावर हात ठेवून बसले नाहीत. पिशवी गाडीवाल्याच्या हवाली करून त्यांनी शेजारच्या गावांतल्या एकेका रक्तपेढीला फोन लावायला सुरुवात केली. नाही, नाही, नाही असं ऐकता ऐकता एका ठिकाणी हो मिळालं. दोन पिशव्या होत्या. नणंदेचा नवरा स्वतः गाडी घेऊन गेला. तोवर मॅडमनी औषधं आणि सलाईन लावून रक्तस्राव आवरून धरला होता. दुपार कलताना पिशव्या आल्या, मामांनी माझ्या इथूनच पहिल्याकडे त्या तिच्या नावावर लिहवल्या, आणि मगच तिला आत घेतलं.

दोन्ही लागल्या.

मॅडम बाहेर आल्या त्या टोपी हातात घेऊन. "आत वाटलं होतं त्याहून जास्त होतं," त्या म्हणाल्या. "एका पिशवीच्या भरवशावर सुरू केलं असतं, आणि तीही आली नसती..." सासूबाईंनी बाकावर बसून देवाला हात जोडले. तिकडे जुन्या हॉस्पिटलातले ते गृहस्थही त्याच वेळी शुद्धीवर येत होते. त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्या घरच्यांनाही नाही.

केबल जोडली गेली तेव्हा दुसऱ्याने सुटलेल्या ओळी भराभर उतरवून घेतल्या आणि मला म्हणाला, "बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं." पहिल्याने आभार मानले नाहीत. त्याने कधी कोणाचे मानल्याचं ऐकिवात नाही.

मी तर त्या आठवड्यात हवेतच होतो. हिरवा दिवा होता तोच होता, पण मला आपला तो जास्त उजळ वाटत होता. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला खोलीत आणून दाखवायचे, "हा आमचा पंच." साहेबही एकदा येऊन गेले. तीन ठिकाणी तीनदा विचारायची पद्धत त्यांनी सगळ्यांना लावून दिली. सासू-सुनेचं उदाहरण मात्र त्यांनी आपलं म्हणून सांगितलं.

काही दिवसांनी ताईचं सगळं घर रक्त द्यायला आलं. नवरा, नणंदेचा नवरा, आणि वय झाल्यामुळे रक्त देता येत नाही म्हणून खट्टू झालेल्या सासूबाई. बाकीचे आत गेल्यावर त्यांनी मामांना विचारलं, "तो नाही म्हणाला तो कुठे असतो?"

मामांनी त्यांना माझ्यापाशी आणलं. मागोमाग ताई आली. सासूबाईंनी मला या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"एवढासा?"

"एवढासाच, आई."

त्यांनी पर्समधून हातरुमाल काढला आणि माझ्यावरची धूळ पुसायला लागल्या. वरून पुसली, कडेने पुसली, जाळीच्या फटींतलीसुद्धा रुमालाचं टोक घालून काढली. बराच वेळ पुसत राहिल्या. मग माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मी नको ते बोलले गं तुला."

"राहू दे आई."

"राहू दे कसं? मी ओरडत होते, तुझा नवरा ओरडत होता, आणि तरी तू दाबलं नाहीस ते बटण." त्यांनी ताईचा हात धरला. "पोटच्या पोरीनेही एवढं केलं नसतं."

ताईने त्यांचा हात तसाच धरून ठेवला. मामांना तेव्हाच काउंटरवर काहीतरी काम आठवलं.

आता माझं वय झालंय. पंखा पूर्वीपेक्षा जास्त खाकरतो. ताई म्हणते, तुझ्या जागी नवा आणायला हवा. ती हे मलाच मोठ्याने सांगते, माझ्या पाठीमागे नाही. मला त्याचं दुःख नाही. फक्त एवढीच विनंती आहे की माझ्यानंतर ही फळी रिकामी ठेवू नका. याच्या पोटात काहीच नाही, मग याला वीज कशाला, असं म्हणणारा कोणीतरी कधीतरी येईल. त्याचं ऐकू नका. इथे कोणीतरी बसलेला असू द्या, आणि सगळे मिळून हो म्हणत असतानाही त्याला नाही म्हणता येऊ द्या. आणि जमलं तर त्याच्या अंगावर कोट टाकू नका.

उरलेले दिवस मी याच खोलीत विचारत बसणार आहे, आहेस का, कुठवर आलास. आयुष्यात खरा नकार द्यायची वेळ माझ्यावर एकदाच आली. तो मी दिला, आणि दोन माणसं आपल्या पायांनी चालत घरी गेली.